रात्री दोन वाजता बोट नसते

वाचकांचे प्रश्न : गरोदरपण, लहान मूल आणि बेटांवरचा प्रवास

प्रश्न : मला ३१ वे वर्ष चालू असून दुसऱ्यांदा दिवस गेले आहेत. मोठा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. पहिले बाळंतपण पूर्ण दिवसांचे आणि सुरळीत झाले. दुसरे मूल आल्यावर काही वर्षे लांबचा प्रवास जमणार नाही, म्हणून आम्ही उष्ण कटिबंधातील एका द्वीपसमूहाचा नऊ दिवसांचा बेत आखला आहे. त्या वेळी मला पंचविसावा आठवडा लागलेला असेल. चार बेटे पाहायची आहेत आणि त्यासाठी पाच वेळा बोटीने जावे लागेल. त्यांपैकी दोन फेऱ्या दीड-दीड तासाच्या स्पीडबोटीच्या आहेत. शेवटच्या दिवशी सकाळच्या बोटीने मुख्य बेटावर येऊन दुपारचे विमान गाठायचे आहे. माझ्या डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही असे सांगितले आहे. स्पीडबोट चालेल का, मुलाला बोट लागली तर काय करावे, आणि त्याच्या लाइफ जॅकेटबद्दल काय पाहावे, हे कृपया सांगावे. बरोबर फक्त माझे पती असतील.

उत्तर : डॉक्टरांना तुम्ही नेमके काय विचारले होते, ते पत्रात आलेले नाही. ‘प्रवास करू का?’ एवढेच विचारले असेल, तर ‘करा’ हे उत्तर योग्यच आहे, कारण निरोगी गरोदरपणात मधली तिमाही प्रवासाला सर्वांत सोयीची मानली जाते. सुरुवातीची मळमळ बहुधा ओसरलेली असते, गर्भपाताची शक्यता कमी झालेली असते आणि पोटाचा भार अजून वाढायचा असतो. मात्र चार बेटे, पाच बोटी आणि त्यांत दोन स्पीडबोटी हा तपशील त्यांच्यापुढे ठेवला गेला नसावा, अशी मला दाट शंका आहे. तेव्हा संपूर्ण कार्यक्रम कागदावर उतरवून तो कागदच त्यांच्यापुढे ठेवावा.

त्या कागदावर प्रत्येक रात्रीच्या मुक्कामासमोर एक आकडा लिहा. त्या रात्री दोन वाजता रक्तस्राव सुरू झाला किंवा गर्भजल जाऊ लागले, तर जेथे सिझेरियन होऊ शकते, रक्त उपलब्ध असते आणि अपुऱ्या दिवसांचे बाळ सांभाळले जाते अशा रुग्णालयाच्या दारात पोहोचायला किती तास लागतील, तो हा आकडा. नकाशावरचे अंतर येथे फसवे असते. लहान बेटांवरच्या प्रवासी बोटी बहुतेक ठिकाणी दिवसाउजेडीच चालतात. समजा मुख्य बेट ४० मिनिटांवर आहे, शेवटची बोट दुपारी ४ वाजता सुटते आणि पहिली सकाळी ७ वाजता. मग रात्री दोनला ते अंतर जवळजवळ सहा तासांचे झालेले असते, आणि संध्याकाळी पाचला, शेवटची बोट नुकतीच गेल्यावर काही घडले, तर पंधरा तासांचे. वारा सुटून बोटी बंद पडल्या तर तास मोजण्यातही अर्थ उरत नाही. तातडीच्या वेळी खासगी बोट मिळेल असे यजमान सांगतात आणि ते खोटे नसते. पण अंधारात, प्रवाळाच्या खडकांतून वाट काढत, उघड्या होडीतून कळा देत जाणे म्हणजे काय, याची कल्पना त्या वाक्यातून येत नाही.

पंचविसाव्या आठवड्यात या आकड्याला विशेष वजन आहे. साधारण २४ आठवड्यांच्या आत जन्मलेले बाळ सहसा वाचत नाही आणि २८ आठवड्यांनंतर जन्मलेल्या बाळाची शक्यता सुसज्ज रुग्णालयात पुष्कळ चांगली असते. मधल्या चार आठवड्यांत मात्र जन्म कोठे होतो यावर जवळजवळ सारे अवलंबून राहते. बाळाची फुप्फुसे तयार व्हावीत म्हणून आईला जन्मापूर्वी स्टेरॉइडची इंजेक्शने देतात, त्यांचा पूर्ण परिणाम दिसायला सुमारे एक दिवस लागतो, आणि तो एक दिवस जर तुम्ही धक्क्यावर बोटीची वाट पाहण्यात घालवला, तर नंतर कितीही चांगले रुग्णालय मिळाले तरी ती उणीव भरून निघत नाही. पहिले बाळंतपण सुरळीत झाले ही जमेची बाजू आहेच. तिने कळा लवकर येण्याची शक्यता कमी होते, नाहीशी होत नाही.

म्हणून माझे मत असे की चौथे बेट वगळावे आणि तिसरेही वगळता आले तर वगळावे. ज्या बेटावर बरे रुग्णालय आणि विमानतळ आहे तेथेच मुक्काम ठेवावा, शांत समुद्राच्या एखाद्या सकाळी जवळच्या बेटावर जाऊन दुपारच्या आत परतावे आणि रात्र नेहमी मोठ्या बेटावर काढावी. पाचाच्या दोन फेऱ्या होतील. सव्वादोन वर्षांच्या मुलाला, प्रामाणिकपणे सांगायचे तर, चार बेटांतील फरक कळणार नाही. एका किनाऱ्यावर एकच खड्डा रोज खणायला मिळाला की त्याची सहल पूर्ण होते.

तारीख बदलता येत असेल तर ती अलीकडे आणता येते का तेही पाहावे. १८ ते २२ आठवड्यांच्या दरम्यान होणारी सविस्तर सोनोग्राफी आधी करून घ्यावी आणि तिकिटांचे पैसे त्यानंतर भरावेत. तीत बाळाची वाढ तर कळतेच, पण वार (प्लॅसेंटा) गर्भाशयाच्या तोंडाशी आहे का हेही दिसते. वार खाली असेल तर बिनवेदना आणि अचानक मोठा रक्तस्राव होऊ शकतो, आणि अशा स्त्रीने बोटीच्या वाटेला जाऊ नये. जुळे असेल, रक्तदाब वाढलेला असेल, गर्भाशयाचे मुख आखूड झाले असेल किंवा मागच्या खेपेला कळा लवकर आल्या असतील, तर तेच. तुमची तपासणी निर्मळ निघाली तर विसाव्या-एकविसाव्या आठवड्यातील प्रवास पंचविसाव्यापेक्षा नक्कीच सोपा जाईल. पोट लहान असते, तोल बरा असतो आणि कंपन्यांचे नियमही आड येत नाहीत. विमान कंपन्या पोटात एकच बाळ असेल तर सामान्यतः ३६ आठवड्यांपर्यंत नेतात, २८ नंतर अनेकजणी डॉक्टरांचे पत्र मागतात. समुद्रावरचे नियम यापेक्षा कडक आहेत. मोठ्या क्रूझ कंपन्यांपैकी बहुतेक जणी प्रवास संपण्याआधी २४ वा आठवडा लागणार असेल तर चढूच देत नाहीत. अनेक स्पीडबोटवाले गरोदर स्त्रीला कोणत्याही महिन्यात नाकारतात आणि हे कधी कधी धक्क्यावर गेल्यावरच कळते. असे नाकारले गेल्यास पोट ओढणीखाली लपवून चढण्याचा सल्ला सहप्रवासी देतील. तो मानू नये, कारण तो नियम ज्याने केला आहे त्याने ती बोट लाटांवर आदळताना पाहिलेली असते.

त्या आदळण्याबद्दलच आता. स्पीडबोट पाण्यातून जात नाही, पाण्यावरून उडत जाते. वेगामुळे तिचे पुढचे टोक वर उचलले जाते आणि एका लाटेच्या माथ्यावरून सुटून पुढच्या लाटेवर धाडकन पडते. हा आघात खालून वर, थेट बैठकीतून पाठीच्या कण्यात जातो. अशा बोटींवर पुढे बसलेल्या धडधाकट प्रवाशांच्या मणक्यांना चीर गेल्याच्या घटना ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने नोंदवल्या आहेत. मीही एकदा हौसेने पुढे बसून दीड तास गेले होते. उतरल्यावर दोन दिवस पाठ धरलेली होती, आणि तेव्हा मला दिवस गेलेले नव्हते. गरोदरपणात कटीचे सांधे आणि बंध सैल झालेले असतात. गर्भजलाची उशी बाळाला सांभाळते हे खरे, तरीही पोट कठड्यावर किंवा समोरच्या बाकावर आपटले तर वार गर्भाशयाच्या भिंतीपासून सुटू शकते. त्यामुळे स्पीडबोटीला माझे उत्तर नाही असे आहे, आणि ते मुलालाही लागू आहे, कारण त्याचे पाय जमिनीला टेकत नाहीत आणि आघात झेलायला त्याच्यापाशी काहीच नसते. तेच अंतर मोठी प्रवासी बोट अडीच तासांत कापत असेल, तर तो अधिकचा एक तास आनंदाने द्यावा.

मोठ्या बोटीतही जागा निवडावी लागते. बोट सी-सॉ सारखी पुढेमागे हलते आणि मध्यावर सर्वांत कमी हलते. तेव्हा लांबीच्या मध्याशी किंवा किंचित मागे, खालच्या मजल्यावर बसावे. अगदी मागच्या उघड्या भागात हादरा कमी वाटतो म्हणून लोक तेथे गर्दी करतात, पण इंजिनाचा धूर वाऱ्याबरोबर फिरून तेथेच साचतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड गर्भाच्या रक्तातील हिमोग्लोबिन अधिक घट्ट धरून ठेवते, म्हणून जी हवा इतरांना नुसती ‘डिझेलचा वास’ वाटते ती तुम्हाला घातक असते. डोके दुखू लागले किंवा धुराचा वास सतत येत राहिला, तर जागा बदलावी.

समुद्र कसा आहे हे आदल्या रात्री पाहता येते. हवामानाच्या अंदाजात लाटांची उंची १.५ मीटर लिहिली असेल, तर तो सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांचा सरासरी आकडा असतो. अधूनमधून त्याच्या जवळजवळ दुप्पट लाटही येते. उंचीच्या शेजारी दोन लाटांमधील सेकंद दिलेले असतात, आणि माझ्या अनुभवाने तेच जास्त बोलके असतात. एक मीटरची लाट बारा सेकंदांनी येत असेल तर बोट पाळण्यासारखी झुलते, चार सेकंदांनी येत असेल तर खडबडीत रस्त्यावरच्या गाडीसारखी आपटत जाते. वाऱ्याचा वेग ताशी २० किलोमीटरच्या पुढे गेला की पाण्यावर पांढरे फेसाळ तुरे दिसू लागतात. किनाऱ्यावरून असे तुरे सर्वत्र दिसत असतील, तर त्या दिवशी तिकिटाचे पैसे बुडाले तरी चालतील असे समजून खोलीवर राहावे. बेटांवर दुपारनंतर वारा वाढतो, म्हणून पहिली बोट सहसा सर्वांत शांत असते.

ऋतूचे गणित प्रत्येक समुद्रात निराळे असते. कॅरिबियन बेटांवर १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ. दक्षिण प्रशांत महासागरात तो नोव्हेंबर ते एप्रिल. थायलंडमध्ये तर एकाच देशाच्या दोन किनाऱ्यांवर उलटसुलट स्थिती असते. फुकेतच्या बाजूचा समुद्र मे ते ऑक्टोबर खवळलेला असतो, तर कोह सामुईच्या बाजूला ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पावसावाऱ्याचा जोर असतो. ५ जुलै २०१८ रोजी फुकेतजवळ फिनिक्स नावाची पर्यटक बोट वादळात उलटली आणि ४७ जण मृत्युमुखी पडले. हवामानाचा इशारा त्याआधीच दिलेला होता. बोट सुटते आहे, याचा अर्थ समुद्र सुरक्षित आहे असा होत नाही, हे लक्षात ठेवावे.

भर समुद्रापेक्षा मला अधिक भीती धक्क्याची वाटते. चढता-उतरताना बोट वरखाली होते, फळी ओली असते, मागून लोक घाई करतात आणि पोटामुळे तुम्हाला स्वतःची पावले दिसत नाहीत. ओहोटीला बोट धक्क्याच्या कितीतरी खाली जाते आणि उभ्या शिडीने उतरावे लागते, किंवा बोट धक्क्याला लागतच नाही आणि लहान होडीतून, कधी मांडीभर पाण्यातून जावे लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हा फरक सर्वांत मोठा असतो, अष्टमीच्या सुमारास भांगाच्या वेळी सर्वांत कमी. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा प्रवासाच्या दिवशीचे वेळापत्रक पाहून शक्यतो भरतीच्या आसपासची बोट धरावी. कॅरिबियनसारख्या काही समुद्रांत भरती-ओहोटीतला फरक अर्ध्या मीटरहून कमी असतो. तेथे ही काळजी निम्मी होते. चढताना तुमचे दोन्ही हात मोकळे हवेत. मुलाला तुम्ही उचलायचे नाही. तुमचे पती आधी बोटीत पाय रोवून उभे राहतील, खलाशी मुलाला त्यांच्या हातात देईल, आणि सर्वांत शेवटी, गर्दी ओसरल्यावर, दुसऱ्याच्या हाताचा आधार घेऊन तुम्ही जाल. चाकांची बॅग आणू नये; पाठीवरच्या दोन पिशव्यांत मावेल तेवढेच सामान न्यावे.

आता लाइफ जॅकेट. मुलाचे जॅकेट घरून न्यावे, कारण बोटीवर मोठ्यांच्या मापाची जॅकेटे ढिगाने असतात आणि लहान मापाचे एखादे असले तर त्याचा बंद तुटलेला असतो. वयावरून नव्हे, वजनावरून माप ठरवावे. मान पाण्याबाहेर उचलून धरणारी मागची कॉलर, वरून पकडून ओढता येईल असा बंद आणि दोन्ही पायांमधून जाणारा पट्टा, या तीन गोष्टी त्यात हव्यातच. पट्टा नसेल तर मूल पाण्यात पडताक्षणी जॅकेट वर निघून येते आणि मूल खाली राहते. जॅकेट बांधून खांद्यांपाशी धरून मुलाला हलकेच उचलून पाहावे. जॅकेट हनुवटीच्या वर सरकले तर ते मोठे आहे. प्रवासाच्या दोन आठवडे आधीपासून घरात रोज दहा मिनिटे ते घालून खेळू द्यावे आणि एकदा उथळ पाण्यात तरंगून दाखवावे, नाहीतर धक्क्यावर पहिल्यांदा ते अंगावर चढवताना होणारा आकांत साऱ्या बोटीला ऐकू जाईल. दंडावर बांधायचे फुगे हे खेळणे आहे. मुलाला छातीशी बांधायची झोळी किंवा कॅरियर बोटीत पाऊल ठेवण्यापूर्वी सोडावा. पाण्यात पडल्यास बांधलेले मूल तुमच्याबरोबर खाली ओढले जाते आणि त्याला वेगळे जॅकेट घालताही येत नाही. तुमच्या स्वतःच्या जॅकेटचा कमरेचा पट्टा पोटाच्या फुगवट्यावर आवळू नये, तो वर किंवा खाली घ्यावा, आणि पाच महिन्यांपूर्वीचे माप आता बसेल असे गृहीत धरू नये.

बोट लागण्याबद्दल. डोळे सांगतात की आपण स्थिर बसलो आहोत आणि कानातला तोलाचा अवयव सांगतो की आपण हलतो आहोत. या भांडणातून मळमळ होते. दोन वर्षांखालच्या मुलांना बोट क्वचितच लागते, त्यानंतर शक्यता वाढत जाते. तुमचा मुलगा उंबरठ्यावर आहे. खिडकीतून दूरची क्षितिजरेषा दिसेल असे त्याला बसवावे, मोबाइल किंवा चित्रांचे पुस्तक हातात देऊ नये, निघण्याच्या तासभर आधी हलके खाऊ घालावे आणि जमल्यास बोटीची वेळ त्याच्या झोपेच्या वेळेशी जुळवावी, कारण झोपलेल्या मुलाला बोट लागत नाही असाच बहुतेकांचा अनुभव आहे. औषध बालरोगतज्ज्ञांनी दिले तरच द्यावे. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालील मुलांना देऊच नये, त्याने श्वास मंदावू शकतो. आणि झोप आणणारी औषधे काही मुलांत उलटी चालतात, मूल पेंगण्याऐवजी थयथयाट करू लागते. त्यामुळे कोणताही पहिला डोस भर समुद्रात देऊ नये. तुमच्यासाठी डॉक्सिलामिन आणि पायरिडॉक्सिन यांचे मिश्रण गरोदरपणातील मळमळीवर दीर्घकाळ वापरले गेलेले आहे. ते किंवा दुसरे काही, तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. उलट्या झाल्याच तर ओआरएसची पाकिटे दोघांच्याही कामी येतील, ती दहा-बारा तरी बरोबर असू द्यावीत. उष्ण हवेत मुलाला सहा तास लघवी झाली नाही, रडताना डोळ्यांत पाणी येत नाही किंवा ते सुस्त पडले आहे असे दिसल्यास घरगुती उपाय थांबवून डॉक्टर गाठावा.

पत्रात तुम्ही डास आणि पाणी यांबद्दल काही विचारलेले नाही, पण माझ्या मते स्पीडबोटीनंतर मोठी काळजी तीच. झिका विषाणूची साथ २००७ मध्ये प्रशांत महासागरातील याप बेटावर, २०१३-१४ मध्ये फ्रेंच पॉलिनेशियात आणि मग २०१५-१६ मध्ये ब्राझीलमध्ये पसरली. म्हणजे तिचा माग बेटांवरूनच गेला आहे. गर्भाच्या मेंदूवर तो परिणाम करतो आणि त्यावर लस नाही. तुम्ही निवडलेल्या बेटांवर सध्या त्याची साथ असेल, तर जाऊ नये, एवढेच मी म्हणेन. हिवतापाचे बेट असेल तरी तेच. गरोदरपणात हिवताप उग्र होतो आणि प्रतिबंधाची डॉक्सिसायक्लिनसारखी औषधे या काळात घेता येत नाहीत. (मालदीवला २०१५ मध्ये आणि श्रीलंकेला २०१६ मध्ये हिवतापमुक्त जाहीर करण्यात आले, तेव्हा पर्याय नाहीत असे नाही.) डीट असलेले डास-प्रतिबंधक मलम गरोदरपणात आणि दोन महिन्यांवरील मुलांना चालते, निलगिरीच्या जातीच्या लिंबू-वासाच्या झाडाचे तेल तीन वर्षांखालील मुलाला लावू नये. डेंग्यू आणि झिकाचा डास दिवसा चावतो, म्हणून नुसती रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही.

पाण्यातून पसरणारी हिपॅटायटिस ई ही कावीळ इतरांना चार आठवडे अंथरुणात ठेवते. शेवटच्या तिमाहीतील गरोदर स्त्रियांमध्ये मात्र तिने दगावण्याचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाते. उकळलेले किंवा सीलबंद पाणीच प्यावे, बर्फ टाळावा, आणि आयोडीनच्या गोळ्यांनी शुद्ध केलेले पाणी रोज पिऊ नये, कारण त्याचा बाळाच्या थायरॉइडवर परिणाम होतो. प्रवाळी समुद्रातील बॅराकुडा, मोठा ग्रूपर यांसारख्या शिकारी माशांत सिग्वाटॉक्सिन नावाचे विष साठू शकते. ते शिजवून नष्ट होत नाही. लहान मासे खावेत, तेही पूर्ण शिजलेले. स्कूबा डायव्हिंग गरोदरपणात पूर्ण वर्ज्य आहे. शांत, उथळ पाण्यात तरंगत मासे पाहायला हरकत नाही.

राहता राहिला शेवटचा दिवस. सकाळची बोट आणि दुपारचे विमान हा बेत तुमच्या पत्रातील सर्वांत ठिसूळ भाग आहे. वारा सुटल्यामुळे ती एक बोट रद्द झाली, तर कडेवर दमलेले मूल, समोर सुटलेले विमान आणि दोघांच्या मनात ‘आजची कशीही धरू’ ही घाई असते. नको त्या बोटीत माणसे अशाच वेळी चढतात. विमानाच्या आदल्या दिवशी, शक्य असल्यास दोन दिवस आधी, मुख्य बेटावर येऊन राहावे. विम्याच्या कागदात गरोदरपणातील गुंतागुंत, कोणत्या आठवड्यापर्यंत, हवाई रुग्णवाहिका आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा खर्च हे चारही शब्द सापडले पाहिजेत. शेवटचा शब्द पुष्कळदा सापडत नाही.

प्रश्न : माझी पत्नी २१ आठवड्यांची गरोदर आहे. दोन बेटांमधील बोटीतून उतरताना तिचा पाय घसरून पोट कठड्यावर आपटले. रक्तस्राव झाला नाही, दुखणेही तासाभरात थांबले. आम्ही परत आलो आहोत. तिचा रक्तगट ए निगेटिव्ह आहे आणि माझा पॉझिटिव्ह. आता सारे ठीक असताना डॉक्टरांकडे जाणे आवश्यक आहे का?

उत्तर : आपल्याला टपालाने तातडीने उत्तर कळवले आहे, इतर वाचकांसाठी ते येथे देत आहे. होय, आवश्यक आहे, आणि ते त्याच दिवशी आवश्यक होते. पोटावर आघात झाल्यावर बाळाचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळू शकते, आणि आईचा गट निगेटिव्ह, बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर आईचे शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू लागते. ती याच बाळाला किंवा पुढच्या बाळाला त्रास देतात. अँटी-डीचे इंजेक्शन ७२ तासांच्या आत दिल्यास हे टळते. ती वेळ उलटून गेली असली तरी १० दिवसांपर्यंत काही प्रमाणात संरक्षण मिळू शकते, म्हणून उशीर झाला असे समजून बसू नये. शिवाय वार सुटू लागली असेल तरी रक्त आतच अडकून राहते आणि बाहेर दिसत नाही. पोट लाकडासारखे कडक होणे, सतत दुखणे, बाळाची हालचाल मंदावणे ही लक्षणे दिसली तर घरी थांबू नये. निगेटिव्ह गटाच्या गरोदर स्त्रीने बेटांवर जाताना रक्तगटाचा अहवाल पाकिटात ठेवावा आणि अँटी-डी कोणत्या रुग्णालयात मिळते ते निघण्यापूर्वी विचारून घ्यावे, कारण लहान बेटावरच्या दवाखान्यात ते असेलच असे नाही.

प्रश्न : माझी सून पाच महिन्यांची गरोदर आहे. मुलगा, सून आणि दोन वर्षांची नात बेटांवर फिरायला निघाली आहेत आणि मलाही ‘आई, तुम्ही चला’ म्हणत आहेत. माझे वय ५८, प्रकृती ठणठणीत आहे. मी गेले तर मदत होईल की अडचण?

उत्तर : अवश्य जावे. मी तर म्हणेन की अशा प्रवासात तिसरा मोठा माणूस ही औषधांच्या पेटीपेक्षा उपयोगाची गोष्ट आहे. दोन मोठी माणसे असतात तेव्हा एकाला बोट लागली की दुसऱ्यावर आजारी माणूस, मूल आणि सामान असा तिहेरी भार पडतो. फक्त एक करावे. ‘सगळे मिळून नातीकडे लक्ष ठेवू’ असे ठरवू नये; सगळ्यांचे लक्ष म्हणजे कोणाचेच नाही. बोटीत असताना नात कोणाची, हे नाव घेऊन ठरवावे आणि बदलताना ‘आता तुझ्याकडे’ असे तोंडाने म्हणावे. तुमच्याकडे असेल तेव्हा तुम्ही फोटो काढायचा नाही, सुनेला पाणी द्यायचे नाही, तिकीट शोधायचे नाही. कठड्याच्या दोन गजांमधून दोन वर्षांचे मूल निसटू शकते आणि ते निसटताना आवाज होत नाही.

तुम्हाला स्वतःला बोट लागते का, हे एखाद्या छोट्या फेरीत आधी पाहून घ्यावे. गुडघे दुखत असतील तर धक्क्याच्या शिडीचा विचार करून तसे मुलाला आधीच सांगावे. संकोचाने लपवू नये. आणि सुनेला अचानक रुग्णालयात न्यावे लागले, तर मुलगा तिच्याबरोबर जाईल आणि नात तुमच्यापाशी राहील. तेव्हा नातीचे कपडे, डायपर, तिचे ओळखपत्र, थोडी रोकड आणि राहत्या ठिकाणाचा पत्ता असलेली एक वेगळी पिशवी पहिल्या दिवसापासून तुमच्याच खांद्याला असू द्यावी.